दोन लहान मोटारी आणि अजिंठ्याचा घाट

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे २०२३ सालापूर्वीं ज्यास औरंगाबाद म्हणत त्या शहराहून, अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता सुमारें शंभर किलोमीटरांचा आहे. फुलंब्री, सिल्लोड, गोळेगांव हीं गांवें ओलांडीत तो पठारावरून जातो, आणि अजिंठा गांव मागें पडल्यावर घाट उतरून फर्दापुराच्या बाजूस येतो. शहरांतून निघालेल्या प्रवाशाच्या वांट्यास त्यामुळें एक चमत्कारिक क्रम येतो. सकाळीं अंगांत उत्साह असतो तेव्हां उतार लागतो. आणि लेणीं पाहून, पायऱ्या चढून-उतरून सारीं माणसें थकलीं म्हणजे परतीच्या वेळीं चढ लागतो. मोटारीचें वजन मात्र सकाळ-संध्याकाळ सारखेंच असतें; किंबहुना फर्दापुराच्या दुकानांत खरेदी झाली असेल तर संध्याकाळीं चार किलो अधिकच.

या चढावर पुढें एखादा मालट्रक घरघरत चाललेला असतो. मागें लहान मोटारींत चार मोठीं माणसें बसलेलीं असतात. ट्रकचा धूर नाकांत जातो, सूर्य मावळत आलेला असतो, आणि चालक उजवीकडे डोकावून पाहूं लागतो. पुढें जावें कीं नाहीं? त्या क्षणीं त्यास जें उत्तर हवें असतें तें माहितीपत्रकांतल्या अश्वशक्तीच्या आंकड्यांत सरळपणें सांपडत नाहीं. तें आंकड्यांच्या वजाबाकींत दडलेलें असतें, आणि ही वजाबाकी करून पाहावयास आपल्याकडील दोन लहान पेट्रोल-मोटारी फार सोयीच्या आहेत. एक मारुति ८०० आणि दुसरी टाटांची नॅनो.

या दोहोंचा इतिहास बहुतेक घरांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यांतच सांगणें बरें. मारुतीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजीं ग्राहकाच्या हातीं गेली. गुरगांवच्या कारखान्यांत, जपानच्या सुझुकी कंपनीच्या साह्यानें ती तयार होत असे, आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें तोंपर्यंत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या. नॅनोचें मूळ महाराष्ट्रांतलें. पुण्यास गिरीश वाघ या अभियंत्याच्या नेतृत्वाखालीं तिची जुळणी झाली. पावसांत एका स्कूटरवर नवरा, बायको व मुलें असें सारें कुटुंब दाटीवाटीनें चाललेलें पाहून ही कल्पना सुचली, असें रतन टाटा यांनीं अनेकदां सांगितलें होतें. १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लीच्या प्रदर्शनांत ती लोकांनीं पाहिली, २३ मार्च २००९ रोजीं मुंबईंत ती विक्रीस आल्याचें जाहीर झालें, आणि २०१८ सालीं तिचें उत्पादन बंद पडलें. नव्या म्हणून आतां दोन्ही मिळत नाहींत. परंतु जुन्या बाजारांत दोन्ही हातोहात फिरतात, आणि पहिली मोटार घेणाऱ्या कुटुंबापुढें त्या अजूनही शेजारीं शेजारीं उभ्या राहतात.

आतां आंकडे. मारुतीच्या इंजिनास तीन सिलिंडर असून त्यांची एकंदर पोकळी ७९६ घनसेंटिमीटर आहे. शक्ति ३७ अश्वशक्ति. कांहीं काळ तिची पांच गिअरची व अधिक जोमाची एक आवृत्तीही निघाली होती, ती येथें हिशोबांत धरलेली नाहीं. नॅनोस सिलिंडर दोनच, पोकळी ६२४ घनसेंटिमीटर, शक्ति ३५ अश्वशक्ति. रिकाम्या गाडीचें वजन मारुतीचें सुमारें ६५० किलो, तर नॅनोच्या साध्या प्रकाराचें सुमारें ६००. दोन्हींच्या साध्या प्रकारांस चारच गिअर.

पोकळी मोठी ती गाडी चपळ, असा एक समज पुष्कळ दिवस रूढ होता. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या जुन्या फियाटचें, म्हणजे पुढच्या पद्मिनीचें, इंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचें. म्हणजे मारुतीच्या इंजिनाहून तिसऱ्या हिश्श्यानें मोठें. पण तिचें अंग सुमारें नऊशें किलोंचें होतें. मारुति आली तेव्हां ही चिमुकली गाडी सिग्नलवरून पद्मिनीच्या पुढें कशी निघून जाते याचें अनेकांस नवल वाटे. नवल वाटण्याचें कारण नव्हतें. गाडीस वेग येतो तो तिच्या बळामुळें, आणि तो येऊं न देणारें असतें तिचें वजन. दर हजार किलोंमागें किती अश्वशक्ति, हा भागाकार त्यामुळें पहिल्यानें करावयाचा.

चालक एकटाच बसला आहे व त्याचें वजन साठ किलो आहे असें समजावें. मग मारुति ७१० किलोंची झाली, नॅनो ६६० किलोंची. भागाकार केला तर मारुतीस हजार किलोंमागें ५२ अश्वशक्ति पडते, नॅनोस ५३. म्हणजे कागदावर नॅनो केसभर पुढेंच आहे. शहरांतल्या गल्लींत, दोन चौकांच्या मधल्या दोनशें मीटरांत, नॅनो मारुतीच्या मागें पडत नाहीं असें जें चालक सांगतात त्यांत अतिशयोक्ति मानण्याचें कारण नाहीं.

आतां अजिंठ्याची सहल घ्यावी. चार माणसें, प्रत्येकीं साठ किलो, आणि चाळीस किलो सामान, म्हणजे पाण्याचीं भांडीं, डबे, पिशव्या, अंथरावयाची सतरंजी. एकंदर २८० किलो. मारुति ९३० किलोंची होते, नॅनो ८८० किलोंची. पुन्हां भागाकार केला तर दोघींसही हजार किलोंमागें जवळजवळ ३९.८ अश्वशक्ति येते. फरक दशांश चिन्हाच्या पुष्कळ पलीकडे जाऊन शोधावा लागतो. एकट्या चालकाच्या हिशोबापेक्षां ही संख्या सुमारें चतुर्थांशानें उतरली, आणि ही उतार नॅनोंत थोडी अधिक झाली, कारण हलक्या गाडीस तेंच ओझें अधिक जाणवतें. दीड हजार किलोंच्या मोठ्या मोटारींत आणखी एक पाहुणा बसला तर तिला त्याची गणतीही नसते. सहाशें किलोंच्या गाडींत मात्र तो पाहुणा इंजिनास ताबडतोब कळतो.

भागाकार बरोबरीचा आला, म्हणून दोन्ही गाड्या घाटांत सारख्याच चालतील काय? येथेंच माहितीपत्रक वाचणाराची फसगत होते. ३५ किंवा ३७ ही इंजिनाची कमाल शक्ति होय, आणि ती सदैव हातांत नसते. मारुतीचें इंजिन मिनिटास पांच हजार फेरे घेईल तेव्हां ३७ मिळतात. नॅनोचें सव्वापांच हजार फेरे घेईल तेव्हां ३५. इतक्या फेऱ्यांस इंजिन ओरडूं लागतें, आंतल्या माणसांचें बोलणें बंद पडतें, आणि घरचीं वडील माणसें चालकास “जरा सावकाश” म्हणून सांगूं लागतात. व्यवहारांत बहुतेक लोक दोन-तीन हजार फेऱ्यांवरच गाडी चालवितात. त्या ठिकाणीं इंजिनांत किती जीव आहे हें सांगणारी राशि निराळी आहे. तिला पीळ म्हणावें, कारखान्याच्या भाषेंत टॉर्क.

विहिरीच्या रहाटाला एक मीटर लांबीचा दांडा बसविला आहे आणि त्याच्या टोंकास वजन टांगलें आहे, असें डोळ्यांपुढें आणावें. तें वजन जितका पीळ आंसास देईल तो हा टॉर्क. नॅनोचा जास्तींत जास्त पीळ ४८ न्यूटन-मीटर, म्हणजे त्या दांड्याच्या टोंकास पांच किलोंस थोडें कमी वजन टांगल्यासारखा; मारुतीचा ५९, म्हणजे सहा किलो टांगल्यासारखा. आणखी महत्त्वाची गोष्ट अशी कीं, मारुतीस हा पीळ अडीच हजार फेऱ्यांस मिळतो, नॅनोस सुमारें तीन हजारांस. पीळ आणि फेरे यांचा गुणाकार म्हणजेच शक्ति. तो करून पाहिला तर मारुति अडीच हजार फेऱ्यांस सुमारें २१ अश्वशक्ति देते, आणि नॅनोस जवळजवळ तितकीच देण्याकरितां तीन हजार फेरे घ्यावे लागतात. म्हणजे नॅनो तेंच काम करते, पण त्याकरितां तिला अधिक लवकर खालचा गिअर मागावा लागतो. जो चालक हें मागणें ऐकतो त्याची नॅनो चढते. जो चौथ्या गिअरांतच तिला ढकलूं पाहतो त्याची नॅनो कण्हत राहते, आणि मग तो गाडीस दोष देतो.

सपाट रस्त्यावर दुसराच शत्रु उभा असतो, तो म्हणजे हवा. वेग दुप्पट झाला कीं हवेचा रोध चौपट होतो, आणि त्या रोधास तोंड देण्यास लागणारी शक्ति आठपट होते. ताशीं चाळीस किलोमीटरांस जी हवा अंगावरून निमूटपणें निघून जाते तीच ऐंशीस भिंतीसारखी आडवी येते. ही भिंत केवढी हें गाडीच्या पुढच्या आकारावर ठरतें. मारुतीची उंची १४०५ मिलिमीटर व रुंदी १४४०. नॅनोची उंची १६५२ व रुंदी १४९५. उंची-रुंदीचा चौकोन काढला तर नॅनोचा चौकोन मारुतीपेक्षां बावीस टक्क्यांनीं मोठा भरतो. अंगाचा गुळगुळीतपणा दोहोंचा सारखा धरला तर भरधाव वेगांत नॅनोस तितकाच अधिक रोध होणार. या उंचीचें सुख आंत बसणारास पुरेपूर मिळतें. साडी नेसलेल्या वृद्ध बाईस मारुतींत वांकून शिरावें लागतें, तर नॅनोंत ती खुर्चीवर बसावी तशी बसते. पण या सुखाची किंमत सिल्लोडच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर इंजिनाला मोजावी लागते. शिवाय नॅनोचा वेग ताशीं १०५ किलोमीटरांवर जाऊं नये अशी योजना तिच्या विजेच्या नियंत्रकांतच करून ठेवलेली आहे. मारुतीस असा लगाम नाहीं. सत्तर-ऐंशीच्या पुढें दोहोंत जें अंतर पडतें त्याचा मोठा भाग या हवेच्या भिंतींत शोधावा, अश्वशक्तींत नव्हे.

घाटांत वेग कमी असल्यामुळें हवा फारशी आडवी येत नाहीं. तेथें पृथ्वी स्वतःच मागें ओढीत असते. हिशोबाकरितां पंधरा मीटर चालीमागें एक मीटर चढ धरावा. मग भरलेल्या नॅनोस वजनाचा पंधरावा भाग, म्हणजे ५९ किलो, आणि मारुतीस ६२ किलो मागें खेंचीत असतात. गाडीच्या मागें दोर बांधून त्याला एक मोठा माणूस लोंबकळत ठेवावा तसाच हा प्रकार.

एक अश्वशक्ति म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदांत एक मीटर उचलण्याचें सामर्थ्य. ताशीं चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदास अकरा मीटरांहून किंचित् अधिक. या वेगानें तो लोंबकळणारा माणूस ओढण्यास नॅनोस पावणेनऊ आणि मारुतीस सव्वानऊ अश्वशक्ति लागते. टायरांच्या घर्षणाकरितां सुमारें दोन अश्वशक्ति त्यांत मिळवावी. म्हणजे चाकांपाशीं अकरा. गिअरांच्या दांत्यांत वाटेंत होणारी झीज आणि थोडीशी हवा धरून इंजिनाकडून सुमारें तेरा मागावी लागते. एवढें केवळ आहे त्याच वेगानें वर जाण्याकरितां झालें.

मधल्या फेऱ्यांस इंजिन देतें एकवीस. पण हे एकवीस कारखान्याच्या चांचणीगृहांतले. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारें पावणेसहाशें मीटर उंच आहे, आणि तेवढ्या उंचीवर हवा पांच-साडेपांच टक्क्यांनीं विरळ असते. शिवाय वैशाखांतली दुपार असेल तर दर दहा अंश उष्णतेमागें हवेची घनता आणखी सुमारें तीन टक्क्यांनीं घटते. इंजिन पेट्रोल जाळतें तें हवेच्या मदतीनें. हवा कमी तर आग कमी. या सर्वांचा मिळून आठ-दहा टक्क्यांचा तोटा धरला तर एकविसाचे एकोणीस उरतात. त्यांतून तेरा वजा गेले, बाकी सहा.

वेग वाढविणें म्हणजे या सहा अश्वशक्तीवर व्यापार करणें होय. चाळिसाच्या वेगावर नऊशें किलोंच्या गाडीस या सहांत दर सेकंदास सुमारें दीड किलोमीटर वेग मिळेल. आणि आंत वातानुकूल यंत्र चालू असेल तर तें दोन ते चार अश्वशक्ति खाऊन टाकतें. सरासरी तीन धरले तर सहांतले तीन गेले, आणि वाढीचा दर अर्ध्यावर आला. छत्तीस-सदतीस अश्वशक्तीच्या इंजिनांत तीन म्हणजे कांहींच नव्हे असें वाटतें; परंतु ते तीन एकंदर भांडवलांतून जात नाहींत, हातांत उरलेल्या शिलकेंतून जातात. घाटांत जुने चालक चढाच्या आधीं गारवा देणारें बटण बंद करतात त्याचें कारण हेंच आहे. खालचा गिअर टाकून इंजिन जोरानें फिरूं दिलें तर ही शिल्लक दुपटीच्या आसपास जाते. घाटांतल्या चालकाच्या हातांत खरी किल्ली तीच, आणि ती दोन्ही गाड्यांस सारखीच लागू आहे. नॅनोस थोडी आधीं फिरवावी लागते, इतकाच फरक.

आतां तो धूर सोडणारा ट्रक. तो ताशीं पन्नास किलोमीटरांनीं चालला आहे, असें सपाट रस्त्याकरितां धरावें. ट्रकची लांबी दहा मीटर, मोटारीची तीन, आणि बाहेर पडतांना व पुन्हां आंत येतांना सुटें ठेवावयाचें अंतर पंधरा-पंधरा मीटर. म्हणजे मोटारीनें ट्रकपेक्षां ४३ मीटर अधिक चालावयाचें आहे. मोटार सत्तरानें जात असेल तर ट्रकच्या मानानें तिचा अधिक वेग वीस किलोमीटर, आणि हें काम पावणेआठ सेकंदांत होतें. तेवढ्या वेळांत मोटार दीडशें मीटर पुढें जाते, आणि समोरून सत्तराच्याच वेगानें येणारी दुसरी गाडी दीडशें मीटर जवळ येते. म्हणजे तीनशें मीटर रस्ता स्वच्छ दिसावयास हवा.

पण मोटारींत माणसें भरलेलीं असून ती साठाच्या वर जाण्यास कां-कूं करीत असेल, तर अधिक वेग दहाच किलोमीटर उरतो. मग तेंच काम साडेपंधरा सेकंद चालतें. मोटार २५८ मीटर जाते, समोरची गाडी तीनशें मीटर येते, आणि स्वच्छ रस्ता लागतो साडेपांचशें मीटरांहून अधिक. वेगांत केवळ दहा किलोमीटरांचा फरक, पण लागणारा रस्ता जवळजवळ दुप्पट. फुलंब्रीच्या पुढें पठारावर इतका रस्ता पुष्कळदां दिसतो. घाटाच्या वळणांत तो क्वचितच दिसतो. शून्यापासून शंभर किलोमीटर वेग येण्यास किती सेकंद लागतात, या प्रश्नांत तरुणांस मोठा रस असतो. परंतु कुटुंब घेऊन जाणाराचा जीव चाळीस ते सत्तर या पट्ट्यांत अडकलेला असतो, आणि या पट्ट्यांत भरलेली मारुति भरलेल्या नॅनोपेक्षां बरी आहे. पीळ अधिक, तो खालच्या फेऱ्यांस मिळणारा, आणि पुढची भिंत लहान, या तीन गोष्टींची ही बेरीज आहे. तरीही सपाटीवर जी घाई मारुतीस झेपते ती घाटांत तिलाही झेपेल असें समजूं नये.

ही घाई चुकली तर काय होतें तेंही सांगितलें पाहिजे. जानेवारी २०१४ मध्यें ग्लोबल एनकॅप या संस्थेनें ताशीं ६४ किलोमीटरांच्या धडकेच्या ज्या चांचण्या प्रसिद्ध केल्या त्यांत नॅनोस प्रौढ प्रवाशांच्या बचावाकरितां एकही तारा मिळाला नाहीं. मारुति ८०० त्या चांचणींत नव्हती. पण तिची धाकटी बहीण शोभणारी ऑल्टो ८०० होती, आणि तिचीही तीच गत झाली. म्हणजे या बाबतींत एकीनें दुसरीस हिणवावें अशी स्थिति नाहीं.

नॅनोच्या बाजूनेंही एक गोष्ट बोलली पाहिजे. तिचें इंजिन मागच्या आसनाखालीं असून तें मागचींच चाकें फिरवितें. मारुतीचें इंजिन पुढें, आणि चालतीं चाकेंही पुढचीं. चढावर गाडीचा थोडा भार पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर सरकतो. शिवाय दोन माणसें मागें बसलीं कीं त्यांचा भार बहुतेक मागच्या चाकांवरच पडतो. नॅनोस हा भार उपकारक होतो, कारण ज्या चाकांनीं रस्ता धरावयाचा तींच दाबलीं जातात. मारुतीचीं चालतीं चाकें उलट हलकीं होतात. मध्यम चढावर हा फरक फार थोडा, चालकाच्या ध्यानांतही येणार नाहीं एवढा. परंतु पावसाळ्यांत, खडी सुटलेल्या कडेवर गाडी थांबवून पुन्हां चढावर हलवावी लागली तर मारुतीचें पुढचें चाक जागींच फिरूं लागतें आणि नॅनो मुकाट्यानें निघते. मारुतीच्या चालकानें अशा वेळीं हळुवार क्लच सोडावा. जोर केल्यानें चाक अधिकच फिरतें.

सकाळच्या उताराचा विचार बहुधा कोणी करीत नाहीं. चढावर जो माणूस दोरास लोंबकळत होता तोच उतारावर मागून ढकलीत असतो, आणि त्याची सारी शक्ति ब्रेकांत उष्णतेच्या रूपानें जमा होते. नॅनोच्या चारही चाकांस बंद डब्याचे, म्हणजे ड्रमचे, ब्रेक आहेत. पुढील काळांतील मारुतींत पुढच्या चाकांस उघड्या तबकडीचे. डब्यांत उष्णता कोंडते, तबकडीस वारा लागतो. म्हणून भरलेल्या नॅनोनें फर्दापुराकडे उतरतांना ब्रेक सतत दाबून धरूं नयेत. ज्या गिअरानें चढ चढला असता त्याच गिअरांत उतरावें, म्हणजे इंजिनच गाडीस आवरून धरतें. मारुतीसही हा नियम लागू आहेच. गाडी बंद करून, पेट्रोल वांचविण्याकरितां, उतारावर सोडून देण्याची एक वाईट खोड कांहीं जुन्या चालकांत असे. त्यांत इंजिनाचा हा आधार सर्वस्वीं नाहींसा होतो. खाजगी गाड्या लेण्यांपर्यंत जात नाहींत. फर्दापुराच्या फाट्यावर त्या ठेवून पुढचे चार किलोमीटर बसनें जावें लागतें, त्यामुळें तेथें चाकांस हात लावून पाहण्यास सवड मिळते. एखादें चाक इतरांपेक्षां फार तापलेलें असेल तर त्याचा ब्रेक अडकत आहे असें समजावें, आणि परतीच्या चढापूर्वीं तो मोकळा करून घ्यावा; अडकलेला ब्रेक त्या सहांच्या शिलकेंतूनच आपला वांटा घेत असतो.

२०११ च्या अखेरीस आलेल्या सुधारित नॅनोंत ३८ अश्वशक्ति व ५१ न्यूटन-मीटर पीळ देण्यांत आला होता. कमाल शक्तींत ती मारुतीच्या पुढें गेली, पिळांत मात्र मागेंच राहिली; तेव्हां वर सांगितलेल्या चाळीस ते सत्तरच्या पट्ट्यांत अंतर कमी झालें, मिटलें नाहीं.

जुनी गाडी घेणारास हे सारे आंकडे थोड्या सावधगिरीनें घ्यावे लागतात, कारण दहा-वीस वर्षें चाललेल्या इंजिनांत दट्ट्याच्या कड्या झिजतात, दाब निसटतो, आणि सदतीस अश्वशक्तीचे तीसच उरलेले असतात. विकणारा इसम गाडी दाखवितो ती रिकामी आणि सपाट रस्त्यावर. अशा वेळीं तिशींतली गाडीही चपळ वाटते. त्याऐवजीं घरचीं चारही माणसें आंत बसवावींत, एखादा बऱ्यापैकीं चढ निवडावा, पुढें-मागें रस्ता मोकळा आहे हें पाहावें, आणि तिसऱ्या गिअरांत चाळिसावरून साठावर येण्यास किती सेकंद लागतात तें मागें बसलेल्या मुलाकडून घड्याळांत पाहून घ्यावें. एकदां गारव्याचें यंत्र बंद ठेवून, एकदां चालू करून. दुसऱ्या गाडीचीही त्याच चढावर, त्याच माणसांनिशीं तशीच परीक्षा घ्यावी, आणि दोन्ही वेळचे आंकडे कागदावर लिहून ठेवून मग किंमतीच्या गोष्टीस आरंभ करावा.